बिनकुंकवाचा कोयता

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मनवाने शाळेच्या वर्कशॉपमधलं कपाट उघडलं, सात नंबरची पुडी सोडली आणि आतला नग उजेडात धरला.

पुडीत निकिताचा शाफ्ट होता. वीतभर लांबीची, अंगठ्याएवढ्या जाडीची पोलादी दांडी. सुट्टीआधी मनवाने तो स्वतः हातात धरून पाहिला होता, तेव्हा त्यात तिला आपल्या चष्म्याची काडी दिसली होती. आता तो काळपट पडला होता आणि त्याच्या अंगावर गव्हावर तांबेरा यावा तसे गंजाचे डाग उठले होते.

या दांडीवर एका पोरीचं अख्खं आयुष्य टांगलेलं होतं. नगरच्या एमआयडीसीतली पंप बनवणारी कंपनी आणि तालुक्यातल्या काही शाळा यांनी मिळून योजना काढली होती. कंपनीने शाळांना आपले जुने लेथ दिले, म्हणजे लोखंड फिरवून कातायची यंत्रं, आणि शिकवायला माणसं दिली. बारावीच्या प्रत्येकाने एक शाफ्ट घडवायचा. ज्याचा सगळ्यात उत्तम, त्याला दिवाळीनंतर कंपनीत घ्यायचं. राहायला हॉस्टेल, हाताला काम, तिथूनच बारावी आणि पुढे डिप्लोमा. जागा शाळेमागे एक. पाथर्डीच्या या कोरड्या कोपऱ्यातल्या करंजखेड गावात वर्षभर त्या एका जागेची चर्चा होती.

परीक्षा अगदी साधी होती. पोलादाच्या दोन रिंगा, दुसरी केसभर लहान. शाफ्ट पहिलीतून अलगद गेला पाहिजे, दुसरीत शिरता कामा नये. मनवाने निकिताचा शाफ्ट पहिल्या रिंगेत घातला. तो निम्म्यावर जाऊन अडकला. तेलाच्या फडक्याने गंज पुसून पुन्हा घातला, तर पहिलीतून गेला आणि दुसरीतूनही खुळखुळत आरपार. शाफ्ट झिजला होता. बाद.

मनवा कंपनीच्या तपासणी विभागात होती. नगरमधल्या मास्तरांच्या घरातली मुलगी; आजोबा मास्तर, आई-वडील मास्तर. ही लोखंडात पडली तेव्हा आईने नाक मुरडलं होतं. पण नग हातात घेऊन तो कुणाच्या हातून आणि कशाने बिघडला हे ती बिनचूक सांगायची. कामगार तिला मागून 'फौजदारीण' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

"हे कुणी केलं?" तिने विचारलं.

मुख्याध्यापक यज्ञेश्वर पाठक सर घाम पुसत होते. लेथ शिकवणारे रविराज सर जमिनीकडे बघत होते. त्यांचा पुतण्या ओंकार, ज्याचा शाफ्ट आता आपोआप पहिला आला होता, पांढराफटक पडला होता.

निकिता पुढे आली. बारीक चणीची, दोन वेण्यांची पोर. तिने शाफ्ट हातात घेतला, उलटासुलटा केला, नाकाजवळ नेला आणि तिचे डोळे भरून आले. पण आवाज मात्र सरळ होता.

"कुणी नाही केलं, मॅडम. माझंच चुकलं. मी तेल नीट लावलं नव्हतं."

शाफ्ट कपाटात ठेवायच्या दिवशी मनवा स्वतः इथे हजर होती. निकिताने बोटाने तेल चोपडून, तेलकट कागदात गुंडाळून, वर चिकटपट्टी लावून तो ठेवला होता. पोरगी धडधडीत खोटं बोलत होती, आणि तेही स्वतःच्याच विरुद्ध.

२

"मॅडम, विषय इथंच मिटवा," ऑफिसात येताच पाठक सर म्हणाले. "मुलगी स्वतः कबूल करतेय ना? मग ओंकारचं नाव पाठवून द्या."

"तुम्हाला ओंकारच हवा होता का, सर?"

सर जरा चपापले. मग खुर्चीत सावरून बसले. "लपवत नाही. गेल्या वर्षी आपण मुलगी पाठवली. तीन महिन्यांत तिचं लग्न लागलं, जागा फुकट गेली. तुमच्याच साहेबांनी मला फोनवर झापलं. या वर्षी मुलगा गेला असता तर बरं, असं मला वाटत होतं. पण म्हणून मी पोरीच्या पोटावर पाय देईन? माझे केस असे पांढरे नाही झाले."

मनवाने साहेबांना फोन लावला. घडलं ते सांगितलं आणि विनंती केली, की एक दिवस द्या, पोरगी नवा शाफ्ट घडवून दाखवेल.

"आणि बाकीच्या शाळांना काय सांगू?" साहेब म्हणाले. ते वाईट नव्हते, नियमाचे होते. "मनवा, मला एकच सांग. पोरीचा हलगर्जीपणा असेल तर दुसऱ्याचं नाव दे. पण कपाटातून शाफ्ट बाहेर गेला असेल, दुसऱ्या कुणी त्याला हात लावला असेल, तर त्या शाळेचे सगळेच शाफ्ट बाद आणि लेथ परत. संध्याकाळपर्यंत कळव."

रविराज सर दाराशीच उभे होते. त्यांनी ऐकलं असावं.

"कपाटाची किल्ली कुणाकडे असते?" मनवाने विचारलं.

"माज्याकडं." त्यांनी मान खाजवली. "म्हंजे, माज्याकडं असायला पायजे. असती ती स्विचबोर्डामागं खिळ्याला. सगळ्यांनाच म्हाईत हाय."

"सुट्टीत इथे कोण आलं होतं?"

"खंडेनवमीला आमी पूजा केली. लेथला हार घातला, हळदकुंकू वाहिलं, कपाटाच्या दाराला बी लावलं. पोरं हुती, सर हुते. गोजरबाई झाडायला हुती, ती निकिताची आई. आन् मॅडम, ओंकार माजा पुतण्या हाय म्हनून लोकं आता काय बी बोलतील. पण ही पोरगी मी घडवलीय. तिच्यासारखा हात मी कंपनीत बी न्हाई बघितला." ते तोंड फिरवून उभे राहिले.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. फाटकाशी पाचपन्नास माणसं जमली होती. त्यांच्यापुढे निकिताचा बाप बन्सी, पटका सुटलेला, ओंकारची कॉलर धरून उभा होता.

"माज्या पोरीचा शाफ्ट ह्यानंच नासवला!" तो ओरडत होता. "कपाट उघडताना बघितलाय ह्याला लोकांनी! इचारा त्याला, व्हय का न्हाई!"

आणि ओंकारने मान खाली घालून म्हटलं, "व्हय. उघडलं हुतं मी कपाट."

३

मनवाने त्याला वर्कशॉपात आणलं, दार लावलं, पाणी दिलं.

"कधी उघडलंस?"

"दसऱ्याला सकाळी. मॅडम, मला झोपच नव्हती. माज्या शाफ्टावरचं तेल सुकलं असंल असं सारखं वाटत हुतं. खिडकीच्या गजातून हात घालून कडी काढली, किल्ली घेतली, कपाटातल्या कपाटात तेलाचा हात फिरवला आन् परत ठिवलं. बाहेर न्हाई काढला. आईशप्पत."

"आणि निकिताचा?"

"तिच्या पुडीला बोट बी न्हाई लावलं. लावलं असतं तर..." तो एकदम रडायला लागला. सतरा-अठरा वर्षांचा दांडगा पोरगा, मिसरूड फुटलेला, आणि हमसून हमसून रडत होता. "मला लेथवर आटे पाडायला तिनंच शिकवलंय मॅडम. मला जमतच नव्हतं. आता लोकं म्हनत्यात मी तिची जागा चोरली. मला न्हाई पायजे ती जागा. माजं नाव काढून टाका."

मनवाने त्याला रडू दिलं. तिला एकच गोष्ट खटकली होती.

"तू 'पुडी' म्हणालास. आज मलाही पुडीच मिळाली, पण निकिताने तर ठेवताना शाफ्ट कागदात गुंडाळून चिकटपट्टी लावली होती."

ओंकारने डोळे पुसले. "न्हाई, पुडीच हुती. दुकानात साखरंची बांधत्यात तशी, कडा आत खोचलेली. मला वाटलं तिनं बदलली असंल."

म्हणजे दसऱ्याच्या सकाळी चिकटपट्टी गेलेली होती. जे झालं ते त्याआधी, खंडेनवमीच्या दिवशी झालं होतं. मनवाने टेबलावर पडलेला तो कागद उचलला. घड्या नीट होत्या, एकसारख्या. अशा घड्या वर्कशॉपात कुणी घालत नाही. तिची आई सत्यनारायणाचा प्रसाद बांधताना अशा घालायची.

४

ओंकारला घरी पाठवून मनवा खिडकीशी उजेडात बसली आणि तिने भिंग डोळ्याला लावलं. माणसं खोटं बोलतात, कधी वाईटासाठी, कधी चांगल्यासाठी. लोखंडाला तेवढी अक्कल नसते, ते खरंच सांगतं.

पहिली गोष्ट तिला लगेच दिसली. शाफ्टावर बारीक ओरखडे होते आणि ते सगळे लांबीच्या दिशेने होते. वर-खाली, वर-खाली. लेथवर काम केलेला माणूस गुळगुळीत करायला काही घेतो तेव्हा दांडी फिरत असते; त्याच्या रेघा गोल उमटतात. म्हणजे हा हात लेथ शिकलेल्याचा नव्हता. ओंकार सुटला. रविराज सर सुटले.

दुसरी गोष्ट कळायला वेळ लागला. ओरखडे सगळीकडे होते. मापाच्या जागी होते आणि जिथे मापाचा काही संबंध नाही अशा टोकांवरही होते. खाचेत होते. निकिताच्या सात नंबराच्या ठशात कुणी काडी घालून तोही साफ केला होता. ज्याला शाफ्ट बिघडवायचा आहे तो एक खोल ओरखडा काढील, जमिनीवर आपटील, पळून जाईल. एवढं घासत कोण बसेल? कुणीतरी दांडीचा इंच न् इंच घासला होता, मन लावून.

मनवाने शाफ्ट टोकाकडून पाहिला. दोन्ही टोकांना मध्यावर बारीक खळगा असतो, लेथवर धरायला. त्या खळग्यात पिवळं काहीतरी बसलं होतं. पिनेने उकरलं. हळद.

तिला आधी त्याचं काही वाटलं नाही. खंडेनवमीनंतर या जिल्ह्यात हळद कशाला लागलेली नसते? ती सकाळी ज्या जीपने आली तिच्या बॉनेटवर हळदीची बोटं होती. लेथवर होती, कपाटाच्या दारावर होती. आणि मग तिने वळून पुन्हा कपाटाकडे पाहिलं. दारावर होती, आत नव्हती. पूजा झाली तेव्हा शाफ्ट तेलकट कागदात बंद होते. बाकी सगळ्या शाफ्टांचे खळगे तिने तपासले. त्यांत तेल होतं, हळद कुठेच नव्हती.

म्हणजे निकिताच्या शाफ्टाची वेगळी पूजा झाली होती. दुसरीकडे कुठेतरी.

तिने शाफ्ट नाकाजवळ नेला, सकाळी निकिताने नेला होता तसा. तेलाच्या वासाखाली अजून एक अगदी पुसट आंबूस वास होता. तो तिने लहानपणी सणावारी कितीदा घेतला होता. पण तिचं मन तो ओळखायला तयारच होईना.

५

बन्सीचं घर गावाच्या टोकाला होतं, पत्र्याचं, दारात शेणाने सारवलेलं अंगण. गोजरबाईने मनवाला बघताच घाईने घोंगडी अंथरली.

"बसा म्याडम. च्या ठिवते. दूध न्हाई, चालंल का?"

ती कमरेवर एक हात ठेवूनच उठायची, बसायची. उसाच्या फडात डोक्यावर मोळ्या वाहून वाहून कंबर कायमची गेली होती. यंदा तिच्याच्याने ऊसतोडीला जाणं होणार नव्हतं, हे गावाला माहीत होतं. आणि तोडीच्या टोळीत एकटा माणूस घेत नाहीत. एक कोयता म्हणजे दोन माणसं, एक तोडणारा आणि एक मोळी बांधणारा. बन्सीला जोडी लागणार होती. घरात निकिताशिवाय कुणी नव्हतं. ती कंपनीत लागली असती तर बन्सी यंदा गावातच मिळेल ते काम करणार होता, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. नाही लागली, तर पुढच्या आठवड्यात टोळीचा ट्रक येणार होता.

मनवाने घरभर नजर फिरवली. पाट्याला कुंकू होतं. पाण्याच्या हंड्याला होतं. सायकलच्या हँडलला झेंडूचं सुकलेलं फूल होतं. देव्हाऱ्यातली तांब्याची भांडी सोन्यासारखी लखलखत होती. आणि भिंतीला, दाराच्या वरच्या बाजूला, कोयता लटकत होता. जुना, मूठ हातांनी गुळगुळीत झालेली.

त्याला कुंकवाचा ठिपकासुद्धा नव्हता.

ज्या हत्यारावर हे घर जगलं, त्याला खंडेनवमीला कुंकू नाही? हे म्हणजे लग्नघरात नवऱ्यालाच जेवायला न वाढण्यासारखं झालं.

"कोयत्याची पूजा नाही केली, मावशी?" मनवाने विचारलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

गोजरबाई लाजल्यासारखी हसली. चुलीपुढून ती जवळ सरकली, दाराकडे बघून तिने आवाज खाली केला.

"न्हाई केली. मुद्दाम न्हाई केली. लगीन होऊन आल्यापासनं मी दर साली त्याला पुजलंय म्याडम, आन् त्यानं मला काय दिलं? निकी फडातच जन्मली, उसाच्या पाचटाच्या खोपटात. म्हनलं, औंदा ह्याला पुजायचं न्हाई. औंदा माज्या लेकीच्या हत्याराची पूजा. शाळा झाडायला गेल्ते तवा खिळ्यावरची किल्ली घेतली, आन् तिचा तो शाफ्ट वटीत घालून आनला. तिला न्हाई सांगितलं. ती मोहट्याला देवीला गेल्ती पोरींसंगं. सांगितलं असतं तर म्हनली असती, हात लावू नगं."

"मग?" मनवाने विचारलं.

"मग काय, लई चिकाट तेल हुतं त्याला. तसा कसा देवापुढं ठिवायचा? आंगूळ नगं का घालायला? चिंच घेतली, राख घेतली, वीट फोडून तिची पूड घेतली, आन् काथ्यानं घासला, घासला. हात भरून आले. पर असा निगाला म्याडम, चांदीवानी! पान्यानं धुतला, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, नारळ फोडला. सांजच्याला पदरानं पुसून, कागदात बांधून जागच्या जागी ठिवला."

आणि तिचा चेहरा विझला.

"एवढं करून बी पोरीचं झालं न्हाई. निकी म्हनती, तेल लावायचं ऱ्हायलं तिच्याकडनं. पर मला ठावं हाय खरं. कोयता रुसला. त्याला पुजला न्हाई, तर त्यानं डाव साधला."

चहा उतू गेला. ती लगबगीने उठली. मनवा भिंतीकडे तोंड करून बसली होती. पोलादाला चिंच लावली, तेल धुऊन काढलं आणि ओलं कागदात बांधलं, तर दोन रात्रींत काय होतं हे ती कुणालाही समजावून सांगू शकत होती. या बाईला मात्र तिने काय सांगायचं?

६

निकिता घरामागच्या बाभळीखाली उभी होती. मनवा येताच तिने विचारलं, "आईने सांगितलं?"

"तुला सकाळीच कळलं होतं. शाफ्टाचा वास घेतलास तेव्हा."

"चिंचेचा वास होता. आणि खंडेनवमीला मी मोहट्याहून आले तेव्हा कोयता कोरा बघितला. आईला विचारलं, तर हसली. म्हणाली, औंदा त्याची गरज नाही." निकिताने ओठ घट्ट मिटले. "मला तेव्हा काही समजलं नाही. सकाळी वास आला आणि सगळं समजलं."

"मी साहेबांशी पुन्हा बोलते. सगळं खरं सांगते. तुझा काही दोष नाही, तुझ्या आईचाही नाही."

"शाफ्ट कपाटाबाहेर गेला होता, हे सांगाल?"

मनवाने काढलेला फोन परत पर्समध्ये ठेवला.

"पाठक सरांनी सांगितलाय मला नियम. मग ओंकारचं पण जाईल. लेथ जाईल. पुढच्या पोरांचं काय? आणि खरं सांगितलं की दोन तासांत गावभर होईल, मॅडम. आईला कळेल." आता तिला रडू आवरेना. "तिने हात भरून येईपर्यंत घासला तो. कंबर धरून धरून घासला असेल. तिला कळलं ना, की तिच्याच हाताने गेलं, तर ती मरून जाईल. मी ऊस तोडीन. मी आईला बघितलंय तोडताना, मला येतं. पण तिला तुम्ही हे सांगू नका. पाया पडते तुमच्या."

ती खरोखरच वाकली. मनवाने तिला मधेच धरलं आणि उराशी घट्ट ओढून घेतलं. इतक्या वर्षांत बिघडलेल्या नगाचं खरं कारण तिने कधी कुणापासून लपवलं नव्हतं. आज पहिल्यांदाच तिला आपल्या शोधाची लाज वाटली. सापडलं नसतं तर किती बरं झालं असतं, असं वाटलं.

"पुढच्या वर्षी परत बसता येतं का?" निकिताने तिच्या खांद्यातूनच विचारलं.

खोटं बोलायला मनवाची जीभ रेटेना. "नाही गं. योजना फक्त बारावीत शिकणाऱ्यांना."

"बरं," निकिता म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसले. "आईला हे पण सांगू नका."

मनवाने तिथूनच साहेबांना फोन केला. तेल कमी पडलं, मुलीचा हलगर्जीपणा, दुसरं काही नाही. ओंकारचं नाव घ्या. साहेब म्हणाले, "तू बघितलंस ना नीट? मग प्रश्नच नाही." तिच्या शब्दावर त्यांचा एवढा विश्वास होता.

शाळेच्या फाटकाशी जाऊन तिने जमलेल्या लोकांना सांगितलं, की तिने स्वतः तपासलंय, ओंकारने काहीही केलेलं नाही, कुणीच केलेलं नाही. बन्सी ओंकारपुढे हात जोडून उभा राहिला, मग एकटाच घराकडे चालू लागला. रविराज सरांनी मनवाकडे बराच वेळ बघितलं. निकिता तेल लावायला विसरेल हे त्यांना कुणीही पटवू शकलं नसतं. पण ते वर्कशॉपात गेले आणि स्विचबोर्डामागची किल्ली काढून त्यांनी खिशात टाकली.

७

दिवस कलताना मनवा निरोप घ्यायला पुन्हा बन्सीच्या घरी गेली. जायलाच हवं होतं असं नव्हे, पण न जाता जीपमध्ये बसवेना.

बन्सीने भिंतीवरचा कोयता काढून पाटावर ठेवला होता. धार लावायच्या आधी गोजरबाईला त्याची पूजा करायची होती. खंडेनवमी होऊन गेली होती, तरी. तिने कोयत्यावर पाणी शिंपडलं, हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं एक फूल वाहिलं आणि मोठ्या कष्टाने वाकून पाटाला डोकं टेकलं.

"चुकलं माजं," ती कोयत्याला म्हणाली. "राग धरू नगंस. आता पोर येतीय तुज्यासंगं, तिला संबाळ. तिचं बोट कापू नगंस."

बन्सी उठून बाहेर गेला. गोजरबाईने लेकीकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम उमेद आली. आईच्या चेहऱ्यावर ती कुठून येते देव जाणे.

"निके, पुढल्या साली दोगांची बी पूजा करू, कोयत्याची बी आन् तुज्या शाफ्टाची बी. कोनी रुसायला नगं. औंदा चिंच कमीच पडली बग मला. पुढल्या साली चांगली वंजळभर घीन, आन् असा घासते..."

निकिताने मनवाकडे फक्त एकदा बघितलं. मग ती आईजवळ जाऊन उकिडवी बसली.

"घासायचं काम माझ्याकडे, आई. तुझी कंबर दुखते. तू नुसतं फूल वाहा."

"बरं बाई," गोजरबाई म्हणाली, "तसं तर तसं." आणि कोयत्याला लावून बोटावर उरलेलं कुंकू तिने लेकीच्या कपाळाला लावलं.